चिखलाच्या रस्त्यासाठी कोणती गाडी?

प्रश्न: आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. राहतो पुण्यात, शेत वेल्ह्याकडे, पावसाळ्यात शेवटचा कच्चा चढ म्हणजे नुसता चिखल. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, घ्यायलाच पाहिजे का?

उत्तर: चढ आणि चिखल दोन्ही आहे म्हटल्यावर हो, लो रेंज गिअरवालीच (हळू चालवत चाकांना जास्त जोर देणारा गिअर) घ्या, पण टायर पण बघा हं, गुळगुळीत टायर असले की फोर बाय फोर सुद्धा जागेवरच फिरत बसते. जिम्नीत सीट चारच, ती बाद. थार रॉक्स पाच जणांची, स्कॉर्पिओ-एनमध्ये तिसरी रांग मिळते पण ती उघडली की डिकीत सामानाला जागाच उरत नाही. दोन्हीत फोर बाय फोर डिझेललाच येतं. आईंना शोरूममध्ये नेऊन मागच्या सीटवर चढ-उतर करायला लावा, गुडघे दुखत असतील तर निर्णय तिथंच होईल.