एमबीबीएसनंतर डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

बहुतेकांची सुरुवात पीएचसीवर, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रावर, मेडिकल ऑफिसर म्हणूनच होते, आणि माझं स्पष्ट मत, ती पायरी टाळूच नका. सपाट भागात एका पीएचसीमागे साधारण 30,000 लोक धरतात आणि आदिवासी-डोंगराळ भागात 20,000, म्हणजे पेशंट तपासणं हे अर्धंच काम, बाकी लसीकरण, पाण्याचे नमुने, बाळंतपणं, साथ आली की घरोघर सर्वे, आणि हे सगळं एएनएम (गावपातळीवरच्या नर्स) आणि आशाताईंकडून करून घ्यायचं, कधी कधी त्यांचं मानधन थकलेलं असतानाही.

पुढे तालुका आरोग्य अधिकारी, मग डीएचओ, मग उपसंचालक. डीएचओ झेडपीत बसतो, सिव्हिल हॉस्पिटल मात्र सिव्हिल सर्जनकडे असतं, हा फरक आधीच समजून घ्या कारण खूप जण गोंधळतात.

पीजी करणार असाल तर एमडी कम्युनिटी मेडिसिन (एकेका पेशंटऐवजी अख्ख्या समाजाच्या आरोग्याचा अभ्यास) घ्या. लोक त्याला दुय्यम समजतात, फार वाईट वाटतं, कारण साथीचा आलेख वाचायला तिथेच शिकवतात. आणि हो, आरोग्य सेवा आयुक्तपदी आयएएस अधिकारी असतो, तेच ध्येय असेल तर यूपीएससीचा रस्ता धरावा लागेल.