बंदोबस्तात दोन साहेबांचे दोन आदेश आले, तर शिपायानं कोणाचं ऐकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकटा भाऊ नुकताच ट्रेनिंग संपवून सोलापूर शहर पोलिसांत लागलाय. पूनम गेटसमोरच्या आंदोलनात एक अधिकारी म्हणाला 'उचला यांना', दुसरा म्हणाला 'थांबा, हात लावू नका'. अशा वेळी ऐकायचं कोणाचं? आणि आदेश चुकीचा वाटला म्हणून पाळला नाही तर नोकरी जाते का?

मी याच शहरात शिपाई म्हणून लागलो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. वकील नाही, पण काही कलमं पाठ आहेत, कारण आमच्या खात्यात ती पाठ नसणाऱ्याचेच हाल होतात.

आधी सरळ उत्तर. बंदोबस्त स्कीममध्ये, म्हणजे कोण कुठं उभा राहणार त्या लेखी यादीत, त्याच्या पॉइंटवर (नेमून दिलेल्या जागेवर) ज्या अधिकाऱ्याचं नाव आहे, त्याचं ऐकायचं. त्याच्याहून वरचा अधिकारी स्वतः तिथं येऊन सूत्रं हातात घेत असेल, तर त्याचं. बाकी कोणी कितीही मोठ्या आवाजात काही सांगितलं, तरी ते आपल्या पॉइंटच्या अधिकाऱ्याच्या कानावर घालायचं: 'साहेब, ते असं म्हणतायत, काय करू?' दोन साहेबांत कोण बरोबर हे ठरवणं शिपायाचं काम नाही. त्या दोघांचं एकमेकांशी बोलणं करून देणं एवढंच त्याच्या हातात असतं.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पूनम गेट म्हणजे जिल्हा परिषदेसमोरची आंदोलनांची ठरलेली जागा. विडी कामगार बायका, यंत्रमाग कामगार, अंगणवाडी सेविका, उसाच्या बिलासाठी आलेले शेतकरी, सगळे तिथंच बसतात. बहुतेक वेळा काही होत नाही. घोषणा होतात, पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं, निवेदन देऊन बाहेर येतं, फोटो निघतात, लोक चहा पिऊन घरी जातात. पेपरात येतो तो उरलेला एखादा दिवस.

तुमच्या भावाला ऐकू आलेले दोन आदेश कदाचित परस्परविरोधी नव्हतेच. हे नेहमी होतं. एका अधिकाऱ्याकडं वाहतूक असते, त्याला रस्ता मोकळा हवा असतो, म्हणून तो म्हणतो 'हटवा'. दुसऱ्याला माहीत असतं की शिष्टमंडळ आत बसलंय, आता हात लावला तर आतली बोलणी फिसकटतील, म्हणून तो म्हणतो 'थांबा'. दोघंही आपापल्या जागी बरोबर. अशा वेळी जुना हवालदार काय करतो ते भावानं बघावं. विडी कामगारांच्या एका मोर्चात आमच्या एका हवालदारानं तेलगूत बायकांशी बोलून, तुमचे लोक आत आहेत, आल्यावर सगळं कळेल, तोवर जरा कडेला सावलीत बसा, असं सांगितलं. बायका उठल्या, कडेला बसल्या. रस्ताही मोकळा झाला आणि कोणाला हातही लागला नाही. त्या हवालदाराला कोणी बक्षीस दिलं नाही. पण त्या दिवशी दोन्ही आदेश पाळणारा तोच एक माणूस होता. या शहरात मराठी, कन्नड, तेलगू, उर्दू या चार भाषांतले दोन-दोन शब्द येत असतील तर अर्धा बंदोबस्त तिथंच संपतो.

खरी अडचण फोनवरच्या आदेशाची आहे. समोरासमोरचा किंवा वायरलेसवरचा आदेश सगळे ऐकतात, कंट्रोल रूमला त्याची नोंद राहते. फोन मात्र एकाच्याच कानाला लागतो. 'वरून सांगितलंय, पंधरा मिनिटांत रस्ता मोकळा पाहिजे.' वरून म्हणजे कुठून? कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. आणि नंतर चौकशी लागली की तो फोन कधी झालाच नव्हता. माझ्या नोकरीचं सगळं शहाणपण एका वाक्यात सांगायचं तर ते हे: बळ वापरायचा आदेश फोनवर आला, तर तो वायरलेसवर मागायचा. शिपायानं नव्हे, त्याच्या अधिकाऱ्यानं. पण शिपाईही अदबीनं म्हणू शकतो, 'साहेब, एकदा कंट्रोलला कळवू या का?' ज्याला आदेश खरोखर द्यायचाय तो सेटवर देतो. ज्याला नुसताच दाब टाकायचाय तो म्हणतो, 'राहू दे, बघू जरा.' निम्मे फोन या एका प्रश्नावर विरून जाताना मी पाहिलेत.

आता कायदा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 148 प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 129) बेकायदेशीर जमावाला, किंवा शांतता भंग करू शकेल अशा पाच किंवा जास्त लोकांच्या जमावाला, पांगायचा हुकूम कोण देऊ शकतो? कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी, आणि तो नसेल तर उपनिरीक्षक किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी. बस, यादी संपली. हवालदार त्यात नाही, सहायक फौजदार नाही, आमदार नाही, मंत्री नाही, मंत्र्याचा पीए तर नाहीच. आधी हुकूम द्यायचा. लोक हलले नाहीत, किंवा न हलायचा निर्धार वागण्यातून दिसला, तर मग बळ. म्हणून मेगाफोनवरचा इशारा महत्त्वाचा असतो. तो नुसता उपचार समजणारे अधिकारी पुढं साक्षीच्या पिंजऱ्यात घाम पुसत उभे असतात.

शहर आणि ग्रामीण यात मोठा फरक आहे. शहरात आयुक्तालय आहे, जमावबंदीचा आदेश महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्तच काढतात, त्यामुळं साखळी एकच. तेच पुणे हायवेवर टेंभुर्णी किंवा मोहोळला ऊसदराचा रास्ता रोको झाला की एका बाजूला तहसीलदार उभे असतात, दुसऱ्या बाजूला डीवायएसपी, म्हणजे पोलीस उपअधीक्षक. तहसीलदार म्हणतात, मी निवेदन घेतो, पाच मिनिटं द्या. डीवायएसपींच्या डोळ्यांसमोर मागं अडकलेली अॅम्ब्युलन्स असते. त्यात सोरेगावहून राज्य राखीव दलाची, म्हणजे गट क्रमांक 10 ची तुकडी आलेली असेल तर तिसरी साखळी. त्यांच्या जवानांना हुकूम त्यांचाच अधिकारी देणार, स्थानिक फौजदाराचं ते थेट ऐकत नाहीत, आणि ऐकूही नये. बंदोबस्ताला सुरुवात व्हायच्या आधी फॉल-इनमध्येच, म्हणजे सगळ्यांना रांगेत उभं करून सूचना देतात तेव्हाच, 'आज बळाचा निर्णय कोण घेणार' हे नाव घेऊन सांगितलं तर यातलं निम्मं टळतं. 15 जून 2023 ला सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी विमानसेवेला अडथळा म्हणून पाडली, तेव्हा मी निवृत्त झालो होतो, सामान्य माणसासारखा लांबून बघत होतो. ती पाडावी की नाही यावर गावात आजही दोन मतं आहेत आणि माझं मत इथं सांगणार नाही. पण जमावबंदी आधीच जाहीर, रस्ते आधीच वळवलेले, आदेश लेखी. अशा दिवशी शिपायाला निदान आपण कशासाठी उभे आहोत हे तरी माहीत असतं.

मग 'साहेबांनी सांगितलं म्हणून मारलं' हा बचाव चालतो का? भारतीय न्याय संहितेचं कलम 14 (जुन्या भादंविचं 76) वाचा. कायद्यानं बांधलेल्या माणसानं केलेलं कृत्य गुन्हा नाही, असं ते म्हणतं. सोबत उदाहरण आहे सैनिकाचं: वरिष्ठाच्या हुकमावरून तो जमावावर गोळी झाडतो, तो गुन्हा नाही. पण त्या उदाहरणात एक अट आहे, जी बॅरेकमध्ये सांगताना लोक गाळतात. हुकूम कायद्याच्या आज्ञेला धरून असला पाहिजे. नुसता वरिष्ठाचा हुकूम पुरत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 151 मध्येही पोलीस अधिकाऱ्याला संरक्षण आहे ते सद्भावनेनं केलेल्या कृत्याला. पाळणं बंधनकारक असलेला हुकूम पाळला म्हणून मिळणारं संरक्षण तिथं सशस्त्र दलाच्या जवानाचं आहे, पोलिसाचं नाही. शासनाच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही, हा आधार आहे. पण मंजुरी मिळतेसुद्धा.

मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 ला गोळीबार झाला, दहा माणसं गेली. राखीव दलाच्या तुकडीला गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या उपनिरीक्षकाला 2009 मध्ये सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली. पुढं उच्च न्यायालयात त्यांना जामीन मिळाला. पण एवढी वर्षं तो खटला कोणाच्या डोक्यावर होता ते बघा: उपनिरीक्षकाच्या. दिल्लीच्या रामलीला मैदानावर जून 2011 मध्ये रात्री झोपलेल्या लोकांना उठवून हाकललं, त्यावर 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांची कारवाई चुकीची ठरवली, आणि तिथं विटा फेकणाऱ्यांवर, मग तो आंदोलक असो की पोलीस, गुन्हे नोंदवायला सांगितलं. आपल्याकडं सप्टेंबर 2023 मध्ये जालन्याच्या अंतरवाली सराटीत लाठीमार झाला. 'आदेश कोणी दिला' यावर कितीतरी दिवस राजकारण चाललं, गृहमंत्र्यांनी माफी मागितली, आणि सक्तीच्या रजेवर गेले ते जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. वरून म्हणजे कुठून, हे तिथंही शेवटपर्यंत वादातच राहिलं.

आपल्या गावाला याची वेगळी आठवण सांगायला नको. स्वातंत्र्यलढ्यात 8 मे 1930 ला रूपाभवानी मंदिराजवळ गोळीबार झाला, शंकर शिवदारे गेले. मग लोकांचा राग उसळला, मंगळवार पेठेतल्या चौकीत दोन पोलीस मारले गेले, 12 मेला मार्शल लॉ आला आणि 12 जानेवारी 1931 ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. आज चार हुतात्मा चौकातून मोर्चा निघतो तेव्हा त्या पुतळ्यांपाशी पोलीस उभे असतात. चौघांची नावं गावातलं पोर सांगतं, तेव्हाचा इंग्रज कलेक्टर नाईट याचंही नाव इतिहासात आहे. त्या दोन शिपायांची नावं मी आमच्या खात्यात कितीतरी जणांना विचारली. कोणाला सांगता आली नाहीत.

आता नोकरीचं. तोंडावर 'मी करणार नाही' म्हणणं मी कधी सुचवणार नाही. हुकूम जाणूनबुजून मोडणं हा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 145 खाली गुन्हा ठरू शकतो, खातेनिहाय चौकशी 1956 च्या शिक्षा व अपील नियमांखाली होते, आणि पोलिसांच्या हक्कांवर मर्यादा घालणाऱ्या 1966 च्या कायद्यामुळं आपल्याला इतर कर्मचाऱ्यांसारखी संघटना करून संप करता येत नाही. 1982 मध्ये मुंबईत पोलिसांनी करून बघितलं, तर लष्कर बोलवावं लागलं. पण निलंबन म्हणजे बडतर्फी नव्हे. वर अपील आहे, मॅट (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) आहे, आणि तिथं आदेश कायदेशीर होता का हा प्रश्न नक्की येतो.

शिवाय उघड नकाराची वेळ फारच क्वचित येते. पळणाऱ्याच्या पाठीवर मारायचं नाही, पडलेल्याला मारायचं नाही, डोक्यावर मारायचं नाही, एवढं पाळायला कोणाची परवानगी लागत नाही. ढाल पुढं धरून रेषेत उभं राहणारा शिपाईसुद्धा आदेश पाळतच असतो. आणि बक्कल नंबर, म्हणजे गणवेशावरचा आपला क्रमांक, झाकू नये. तो झाकलेला असला की चौकशीत सगळ्यात आधी त्याचाच प्रश्न येतो.

भावाला आणखी एक सांगा. बंदोबस्ताहून परत आल्यावर ठाणे अंमलदाराकडं स्टेशन डायरीत आपली नोंद होते. काही वेगळं घडलं असेल, दोन आदेश आले असतील, तर ते त्या नोंदीत यावं म्हणून आग्रह धरावा: किती वाजता, कोणी, काय सांगितलं, आपण काय केलं. अंमलदार म्हणाला 'एवढं कशाला', तर वाद घालू नये. त्याच रात्री साध्या कागदावर प्रभारी अधिकाऱ्यांच्या नावे रिपोर्ट लिहावा, दुसऱ्या दिवशी कार्यालयात द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती घरी ठेवावी.