सोडवायचं की सोडायचं?

प्रश्न : मॅडम, मी बार्शीची. बी.कॉम. झाले, दहावीपर्यंत मराठी माध्यम. एका पतसंस्थेत कॅशियर आहे. कॅट (आयआयएमची एमबीए प्रवेश परीक्षा) आणि आपल्या राज्याची एमबीए प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, दोन्ही द्यायच्या आहेत. नोकरी सोडून पुण्यात क्लास लावू का? इंग्रजी उतारे समजतात, पण वेळ पुरत नाही. आणि गणित हातात घेतलं की सुटेपर्यंत मला चैन पडत नाही.

उत्तर : शेवटचं वाक्य वाचून हसू आलं, कारण हे माझंच दुखणं. कॅट कागदावर होती तेव्हाची गोष्ट. आठ जणांना गोल टेबलाभोवती बसवायचं, या एका सेटवर (एकाच माहितीवरच्या प्रश्नांच्या गटावर) मी पंचवीस मिनिटं घालवली. आठवा माणूस काही बसला नाही. त्या वर्षी मीच घरी बसले.

आता तर कॅटमध्ये तीन विभाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. एका विभागात वाचलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय दिलेला प्रश्न चुकला तर १ वजा. अशा चार प्रश्नांवर डोळे मिटून टिचकी मारलीस आणि एक बरोबर आला, तर ३ मिळाले, ३ गेले. म्हणून सेट दोन-तीन मिनिटांत हाताला लागला नाही, तर पुढे जायचं. जीवावर येतं, ठाऊक आहे मला. (टाइप करायच्या उत्तरांना मात्र वजाबाकी नाही, तिथे काहीतरी लिहूनच ये.)

सीईटीचा स्वभाव अगदी उलटा. गेली काही वर्षं २०० प्रश्न आणि १५० मिनिटं, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. चुकल्याचे गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. जमनालाल बजाज, सिडनहॅम या मुंबईतल्या व्यवस्थापन संस्थांसाठी मुख्यतः हीच परीक्षा कामाची. तिला कॅटची धाकटी बहीण समजू नकोस.

नोकरी सोडू नकोस. व्याज, टक्केवारी, भागीदारी तू रोज काउंटरवर करतेस, अंकगणिताचा मोठा भाग तिथेच आहे. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडून पाऊणकी, सवायकी, दीडकी (पाऊण, सव्वा, दीडचे पाढे) म्हणून घे. साडेबारा टक्के म्हणजे एक अष्टमांश, हे बोटांना कळलं पाहिजे. क्लासच्या फीपेक्षा मॉक टेस्टची (सराव परीक्षांची) मालिका स्वस्त पडते; रविवारी एक दे आणि सोमवार-मंगळवार तीच उलगडत बस.

उताऱ्यांचं म्हणशील, तर शब्द पाठ करणं थांबव. रोज मराठी वर्तमानपत्रातला अग्रलेख वाच आणि लेखकाचं म्हणणं एका ओळीत लिही. मग तेच इंग्रजी लेखाचं. अडचण इंग्रजीची कमी असते, ‘पण’ आणि ‘तरीही’नंतर लेखक कुठे वळला हे निसटतं.

पाच मॉक झाल्या की पुन्हा लिही. गुण नकोत, किती प्रश्न सोडून दिलेस तेवढं कळव.