वाचकांचे प्रश्न : संथ पायांचा बचावपटू

गेल्या अंकात आम्ही फुटबॉलमधील बचावपटूंविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत फिनलंडच्या सामी ह्यूपिया याचे नाव होते. म्हणून या वेळचे सदर त्याच्याच कारकिर्दीला दिले आहे.

प्रश्न : मी कोल्हापुरात एका स्थानिक संघाकडून मधल्या बचावफळीत खेळतो. माझा पळण्याचा वेग कमी आहे आणि केवळ त्यामुळे मला अनेकदा राखीव खेळाडूंत बसावे लागते. ह्यूपियाही संथ होता, असे ऐकले आहे. मग तो इंग्लंडच्या लिव्हरपूलसारख्या संघात दहा वर्षे कसा टिकला? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, आणि त्याच्याविषयी प्रेम असणाऱ्यांनीही ते नाकारू नये. ह्यूपियाकडे मोठा वेग कधीच नव्हता. सहा फूट तीन इंचांहून अधिक उंची, चेंडू डोक्याने परतवण्यातली हुकमत आणि पुढे काय घडणार आहे हे इतरांच्या आधी ओळखणारी नजर, एवढ्या भांडवलावर त्याने लिव्हरपूलसाठी 464 सामने खेळले आणि 35 गोलही केले.

त्याच्या येण्याने काय फरक पडला, हे आकड्यांतच पाहावे. 1998-99 च्या प्रीमियर लीग या इंग्लंडच्या सर्वोच्च साखळी स्पर्धेच्या हंगामात लिव्हरपूलवर 49 गोल झाले होते आणि संघ सातव्या स्थानावर राहिला होता. 1999 च्या उन्हाळ्यात प्रशिक्षक जेरार्ड हुलिए यांनी ह्यूपियाला आणि स्वित्झर्लंडच्या स्टेफान हेंचोझला संघात घेतले. पुढच्या हंगामात लिव्हरपूलवर फक्त 30 गोल झाले, आणि त्या वर्षी लीगमधल्या दुसऱ्या कोणत्याही संघाने इतके कमी गोल स्वीकारले नाहीत. याचे सगळे श्रेय एकट्या ह्यूपियाला देता येणार नाही, कारण ही जोडीची कामगिरी होती. हेंचोझ आक्रमकाला जाऊन भिडायचा आणि फटक्याच्या आड शरीर घालायचा, तर ह्यूपिया हवेतला चेंडू परतवायचा, मागची जागा राखायचा आणि चेंडू मिळाल्यावर तो नुसता दूर न भिरकावता आपल्याच खेळाडूकडे शांतपणे द्यायचा.

आपल्यासारख्या खेळाडूने त्याचे जुने सामने पाहताना चेंडूकडे न पाहता, चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना ह्यूपिया कुठे उभा आहे याकडे लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची सूचना आहे. तो आक्रमकाशी शर्यत लावण्याची वेळच येऊ देत नसे. चेंडू निघण्याआधीच दोन पावले मागे सरकलेला आणि अंग अर्धे वळवून उभा राहिलेला बचावपटू पाच मीटर आधीच जिंकलेला असतो, आणि हे अंतर भरून काढणे वेगवान आक्रमकालाही जड जाते. अंदाज चुकला की मात्र त्याची किंमत मोजावी लागते. 5 एप्रिल 2003 रोजी मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर रूड व्हॅन निस्टलरॉय त्याच्या पुढे निघून गेला, ह्यूपियाने त्याला ओढून धरले, आणि सामन्याची सुरुवातीची काही मिनिटेच झालेली असताना त्याला लाल कार्ड मिळाले. दहा खेळाडूंचा लिव्हरपूल तो सामना 4-0 असा हरला.

बरोबर दोन वर्षांनी, 5 एप्रिल 2005 रोजी, चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीत इटलीच्या युव्हेंटसविरुद्ध कॉर्नरवरून आलेला चेंडू त्याने हवेतल्या हवेत जाळ्यात मारला. तो गोल सर्वांच्या लक्षात आहे, पण माझ्या मते त्यापुढचे काम अधिक मोठे होते. युव्हेंटसविरुद्धचे दोन आणि उपांत्य फेरीत चेल्सीविरुद्धचे दोन अशा चार सामन्यांत लिव्हरपूलवर केवळ एक गोल झाला. त्या वेळी ह्यूपिया एकतीस वर्षांचा होता आणि त्याच्या शेजारी जेमी कॅरॅगर खेळत होता. इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्याच्या पूर्वार्धात मात्र काका आणि क्रेस्पो यांनी हीच बचावफळी उघडी पाडली आणि मिलानने 3-0 अशी आघाडी घेतली. विश्रांतीनंतर संघाची मांडणी बदलून मागे तीन बचावपटू ठेवण्यात आले, सामना 3-3 असा बरोबरीत आला आणि लिव्हरपूलने पेनल्टींवर करंडक जिंकला. वेग कमी असलेल्या खेळाडूला योग्य मांडणी किती आधार देते, हे त्या रात्रीच्या दोन अर्धांत स्पष्ट दिसते. आपल्या प्रशिक्षकांशी बोलताना हे उदाहरण आपण अवश्य द्यावे.

प्रश्न : इतका चांगला खेळाडू पंचविसाव्या वर्षापर्यंत मोठ्या क्लबांच्या नजरेस कसा पडला नाही? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ह्यूपियाचा जन्म 7 ऑक्टोबर 1973 रोजी पोर्वो या गावी झाला, पण तो वाढला आग्नेय फिनलंडमधल्या कागद गिरण्यांच्या टापूत. त्याचा पहिला मोठा क्लब म्युपा हाही म्युलुकोस्की या गिरणीच्या गावातलाच. 1992 मध्ये त्याच क्लबात फिनलंडचा नामवंत खेळाडू यारी लित्मानेन त्याचा सहकारी होता. लित्मानेन आक्रमक असल्याने लगेच नेदरलँड्सच्या आयाक्स या मोठ्या क्लबाकडे गेला. ह्यूपियाला मात्र न्यूकॅसलने 1995 मध्ये चाचणीसाठी बोलावूनही करार दिला नाही, आणि तो नेदरलँड्समधील टिलबर्खच्या विलेम टू या मध्यम क्लबात दाखल झाला. तिथे तो चार वर्षे खेळला व कर्णधार झाला, आणि 1998-99 मध्ये त्या क्लबने डच लीगमध्ये दुसरे स्थान मिळवून चॅम्पियन्स लीगची पात्रता गाठली.

लिव्हरपूलला त्याचे नाव सुचवले ते एका दूरचित्रवाणी कॅमेरामनने, असे क्लबच्या त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीच सांगितलेले आहे. नंतर क्लबचे मुख्य शोधाधिकारी रॉन येट्स यांनी त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहिले. येट्स हे स्वतः 1960 च्या दशकात लिव्हरपूलचे उंचापुरे मधले बचावपटू आणि कर्णधार होते, त्यामुळे आपण काय पाहतो आहोत हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. करार सुमारे 26 लाख पौंडांना झाला. त्या काळच्या इंग्लिश बाजारातही ही रक्कम माफक होती.

प्रश्न : त्याचे कर्णधारपद काढून स्टीव्हन जेरार्डला देण्यात आले, हा त्याच्यावर अन्याय नव्हता का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : 2001 मध्ये लिव्हरपूलने लीग कप, एफए कप आणि युएफा कप असे तीन करंडक जिंकले. त्या हंगामात रॉबी फाउलर आणि ह्यूपिया यांनी कर्णधारपदाचा भार आळीपाळीने वाहिला. एका हंगामात 63 सामने, बार्सिलोनाविरुद्ध दोन्ही लढतींत एकही गोल न स्वीकारणे आणि शेवटी डॉर्टमुंड इथे आलाव्हेसविरुद्ध 5-4 असा विजय, हे सगळे त्यात आले. पुढे ऑक्टोबर 2003 मध्ये हुलिए यांनी कर्णधाराची पट्टी तेवीस वर्षांच्या जेरार्डकडे दिली. ह्यूपियाला वाईट वाटले असेल, तर ते स्वाभाविकच होते. मला या निर्णयात अन्याय दिसत नाही, कारण जेरार्ड हा त्या संघाचा पुढचा दहा वर्षांचा विचार होता. मला महत्त्वाचे वाटते ते ह्यूपियाचे त्यानंतरचे वागणे. त्याचा खेळ घसरला नाही, आणि चॅम्पियन्स लीगचा करंडक तर कर्णधारपद गेल्यानंतरच त्याच्या हाती आला.

खरी परीक्षा 2008-09 मध्ये झाली. चॅम्पियन्स लीगच्या साखळी फेरीसाठी संघाने नोंदवलेल्या यादीत त्याचे नावच नव्हते. मार्च 2009 मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध सामन्याआधीच्या सरावात अर्बेलोआ जखमी झाला, कॅरॅगरला उजव्या बाजूला सरकवण्यात आले आणि पस्तिशीतल्या ह्यूपियाला आयत्या वेळी मैदानात उतरावे लागले. ज्या मैदानावर सहा वर्षांपूर्वी त्याला लाल कार्ड मिळाले होते, त्याच मैदानावर लिव्हरपूलने तो सामना 4-1 असा जिंकला. 24 मे 2009 रोजी टॉटनहॅमविरुद्धच्या त्याच्या निरोपाच्या सामन्यात तो अखेरच्या काही मिनिटांसाठी जेरार्डच्या जागी आला, आणि मैदान सोडताना जेरार्डने आपली पट्टी त्याच्या दंडावर बांधली.

प्रश्न : त्याच्या आडनावाचा नेमका उच्चार काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : फिनिश भाषेत आघात नेहमी शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो. पहिला स्वर दीर्घ असून, ओठ ‘ऊ’ म्हणताना करतो तसे गोल ठेवून जिभेने ‘ई’ म्हटल्यास तो साधतो. शेवटचा स्वर ‘ॲ’ला जवळचा आहे. देवनागरीत त्या पहिल्या स्वरासाठी चिन्ह नसल्यामुळे आम्ही ‘ह्यूपिया’ असे लिहितो.

प्रश्न : लिव्हरपूल सोडल्यानंतर त्याने काय केले? (एक वाचक, पणजी)

उत्तर : तो जर्मनीतील बायर लेव्हरकुसेनकडून दोन हंगाम खेळला. 2009-10 मध्ये हा संघ लीगचे पहिले 24 सामने अपराजित राहिला, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या स्थानावर आला. 2011 मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने लेव्हरकुसेन, ब्रायटन आणि झ्युरिक या संघांना प्रशिक्षण दिले. त्यांपैकी लेव्हरकुसेनचे 2012-13 मधले तिसरे स्थान उल्लेखनीय आहे. ब्रायटनमध्ये मात्र सहा-सात महिन्यांतच त्याने पद सोडले.

प्रश्न : ह्यूपिया आणि लित्मानेन एकाच वेळी खेळत असूनही फिनलंड कधीच मोठ्या स्पर्धेत का दिसला नाही? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ह्यूपियाने 1992 ते 2010 या काळात देशासाठी 105 सामने खेळले, आणि त्यात एकाही विश्वचषकाचा किंवा युरो स्पर्धेचा सामना नाही. फिनलंडची लोकसंख्या तेव्हा सुमारे 52 लाख होती. कडाक्याच्या हिवाळ्यामुळे तिथला फुटबॉल हंगाम वसंतापासून शरदापर्यंतच चालतो, आणि गुणी मुलांना आइस हॉकीही आपल्याकडे ओढत असते. तरीही संघ दोनदा अगदी जवळ आला होता. ऑक्टोबर 1997 मध्ये हेलसिंकीत हंगेरीविरुद्ध जिंकल्यास विश्वचषकाच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे पात्रतेच्या अखेरच्या लढतीत, जागा मिळणार होती, पण वाढीव वेळेत चेंडू फिनलंडच्याच खेळाडूंना लागून जाळ्यात गेला आणि सामना 1-1 असा संपला. दुसरी संधी युरो 2008 च्या पात्रता फेरीत रॉय हॉजसन प्रशिक्षक असताना आली. नोव्हेंबर 2007 मध्ये पोर्तुगालला पोर्तुगालमध्ये हरवणे आवश्यक होते, आणि तो सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. त्या रात्री ह्यूपियाच्या बचावफळीने पोर्तुगालसारख्या संघाला गोल करू दिला नाही, तरी हवा होता तो विजय मिळाला नाही.

फिनलंडने पहिली मोठी पात्रता मिळवली ती 15 नोव्हेंबर 2019 रोजी, हेलसिंकीत लिख्टेनस्टाइनला 3-0 असे हरवून. सामना संपताच प्रेक्षक मैदानात धावले. ह्यूपियाने राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतल्याला तेव्हा नऊ वर्षे झाली होती.