वाचकांचे प्रश्न : लिओनिडास पोल्क आणि गोदामाचे कर्ज

प्रश्न : अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याचे पहिले कृषी आयुक्त म्हणून पोल्क यांनी नेमके काय केले?

उत्तर : ॲन्सन काउंटीतला हा शेतकरी १८७७ ते १८८० या पदावर होता. तेव्हा भेसळीच्या खतांचा सुळसुळाट होता. खत विकायचे तर दर छापामागे वर्षाला ५०० डॉलर परवाना शुल्क भरावे लागे. याच पैशावर खाते चाले, आणि चॅपेल हिलच्या प्रयोगशाळेत खतांचे नमुने तपासले जात. पुढे १८८६ मध्ये त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह फार्मर’ हे साप्ताहिक काढले आणि स्वतंत्र कृषी महाविद्यालयाची मागणी लावून धरली. केंद्राच्या जमीन-अनुदानाचे (कृषी शिक्षणासाठी दिलेल्या सरकारी जमिनींतून आलेले) पैसे चॅपेल हिलच्या विद्यापीठाला मिळत, पण तिथे शेतीशिक्षण नावापुरतेच होते. १८८७ मध्ये कायदा झाला, १८८९ मध्ये रॅली शहरात महाविद्यालय सुरू झाले.

प्रश्न : त्यांची ‘सब-ट्रेझरी’ योजना कशी चालणार होती?

उत्तर : मूळ कल्पना चार्ल्स मॅक्यून यांची. डिसेंबर १८८९ मध्ये सेंट लुइसच्या बैठकीत ती मांडली गेली आणि तिथेच पोल्क फार्मर्स अलायन्स या शेतकरी संघटनेचे अध्यक्ष झाले. प्रचाराचे श्रेय मात्र पोल्क यांना द्यायलाच हवे.

दक्षिणेतला शेतकरी पेरणीआधीच उभ्या राहणाऱ्या पिकावर बोजा चढवून दुकानदाराकडून उधारीने माल घेई. उधारीचा भाव रोखीपेक्षा बराच चढा. सुगीला सगळ्यांचा कापूस एकदम बाजारात येई, भाव पडे आणि थांबायची सोय नसे. योजनेनुसार, वर्षाला पाच लाख डॉलरहून अधिक शेतमाल विकणाऱ्या काउंटीत सरकारी गोदाम होणार होते. कापूस, गहू, मका, तंबाखू असा टिकाऊ माल तिथे ठेवायचा आणि बाजारभावाच्या ८० टक्के रक्कम नव्या नोटांत उचलायची. व्याज सालीना १ टक्का. समजा कापसाची ५०० पौंडांची गासडी, भाव पौंडाला ८ सेंट. किंमत ४० डॉलर, उचल ३२ डॉलर, वर्षाचे व्याज फक्त ३२ सेंट. साठवणूक आणि विमा वेगळा. गोदामाची पावती विकताही येणार होती. वर्षभरात माल सोडवला नाही, तर लिलाव.

खरी अडचण कुळांची होती. ज्याचे पीक आधीच दुकानदाराकडे गहाण, त्याने गोदामात काय ठेवायचे? शिवाय कर्ज फिटले की नोटा चलनातून परत जाणार, म्हणजे पैशाचा पुरवठा हंगामागणिक फुगणार आणि आटणार. अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, योजना मंजूर केलीच नाही. पण १९३३ च्या कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शेतमाल तारण ठेवून कर्जे दिली, तेव्हा कल्पना अगदीच हवेतली नव्हती.

प्रश्न : १८९२ मध्ये ते अमेरिकेच्या अध्यक्षपदाला उभे होते का?

उत्तर : नाही. पीपल्स पार्टीची उमेदवारी त्यांनाच मिळेल अशी दाट शक्यता होती, पण ओमाहाच्या अधिवेशनाला तीन आठवडे उरले असताना, ११ जूनला, वयाच्या ५५ व्या वर्षी ते वॉशिंग्टनमध्ये वारले. उमेदवारी आयोवाच्या जेम्स वीव्हर यांना मिळाली. त्यांना मतदारांची दहा लाखांवर मते आणि अध्यक्ष ठरवणाऱ्या निर्वाचकांची २२ मते पडली. वीव्हर यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात होते आणि दक्षिणेत ते त्यांना भोवले.