दारुहळदीने उंदरांची साखर उतरते, मग गरोदर बाईला का देत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नीला सहावा महिना, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर १५८ आली. पथ्याने नाही उतरली तर इन्सुलिन लागेल असं डॉक्टर म्हणतात. रावेरचा काष्ठौषधीवाला म्हणतो दारुहळद द्या, त्यातलं बर्बेरीन गरोदर उंदरांवर सिद्ध झालंय. मग डॉक्टर ते का लिहून देत नाहीत?

मी धुळ्याकडे फार्मसी कॉलेजात शिकवते. अशा उंदरांमागे माझी काही वर्षं गेली आहेत, म्हणून तो ‘सिद्ध’ उंदीर कसा तयार होतो ते आधी सांगते.

मादी रात्री नराजवळ सोडायची. सकाळी तपासणीत शुक्रजंतू दिसले की दिवस मोजायला सुरुवात. सगळी गर्भावस्था जेमतेम तीन आठवड्यांची. मग स्ट्रेप्टोझोटोसिन टोचायचं. ते थंड बफरमध्ये ऐनवेळी विरघळवावं लागतं, रेंगाळलात की वाया. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं. मरताना त्या पेशी साठवलेलं इन्सुलिन एकदम रक्तात सोडतात, म्हणून पहिल्या रात्री पिंजऱ्यात साखरेचं पाणी ठेवावं लागतं. आमच्या एका विद्यार्थ्याने ते ठेवलं नाही आणि सकाळी निम्मा पिंजरा गार पडलेला होता. जगलेल्यांची साखर दोन-तीन दिवसांत तीनशेच्या घरात जाते.

तुमच्या पत्नीचं असं काही झालेलं नाही. तिचं स्वादुपिंड शाबूत आहे. वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनचा असर बोथट करतात आणि स्वादुपिंड वाढीव मागणीला पुरं पडत नाही, एवढंच. म्हणून तर वार पडली की बहुतेकींची साखर खाली येते. उंदराचं दुकानच जळालंय. तुमच्याकडे दुकान चालू आहे, गिऱ्हाईक वाढलंय. पहिल्यावर चाललेला उपाय दुसऱ्यावर चालेलच असं नाही. जन्मतः जनुकात दोष असलेले उंदीर वापरतात ते प्रयोग जरा जवळचे, पण तिथेही भर बहुतेक आईच्या साखरेवरच असतो. बाळाचं पुढे काय, हे विचारायला तीन आठवडे पुरत नाहीत.

बर्बेरीनची खरी अडचण बाळाचीच आहे. ते साखर उतरवतं यात मला शंका नाही. २००८ साली शांघायमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ३६ नव्या रुग्णांवर ते मेटफॉर्मिनच्या, म्हणजे मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीच्या, बरोबरीने चाललं होतं. पण त्यात गरोदर बाई एकही नव्हती. बर्बेरीन रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, सोडवून मोकळं करतं. नवजात बाळाला कावीळ आधीच सहज होते. मोकळं बिलिरुबिन मेंदूत शिरलं तर इजा कायमची. या भीतीपोटी सिंगापूरने १९७८मध्ये बर्बेरीन असलेल्या वनस्पतींवर बंदीच घातली होती, ती उठायला काही दशकं गेली. इन्सुलिनचा रेणू मोठा, तो वार ओलांडून बाळाकडे जवळजवळ जातच नाही. डॉक्टरांचा कल तिकडे असतो तो यामुळे, सुई टोचायची हौस म्हणून नाही.

वनस्पतीतून औषध होतच नाही असं मात्र समजू नका. मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या युरोपी झुडपात आहे. माणसांवरचा त्याचा वापर फ्रान्समध्ये १९५७ साली छापून आला, आणि गरोदरपणातल्या मधुमेहात त्याची इन्सुलिनशी मोठी तुलना प्रसिद्ध झाली २००८मध्ये, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ७५१ बायकांवर. मध्ये अर्धं शतक! तिथेही मेटफॉर्मिन घेणाऱ्या जवळपास निम्म्या जणींना वर इन्सुलिन जोडावंच लागलं. बर्बेरीनचीही अशी चाचणी करता येईल: शुद्ध आणि मोजून दिलेलं द्रव्य, नैतिक समितीची मंजुरी, देशाच्या नोंदणीत नोंद, बाईची समजून दिलेली संमती. आणि मोजायचं ते बाळाचं वजन, जन्मल्यावरची त्याची साखर, कावीळ. पुडीतल्या चूर्णात बर्बेरीन किती, हे तुमच्या काष्ठौषधीवाल्याला तरी ठाऊक आहे का?

माझं सांगते. दुसऱ्या खेपेला मलाही शुगर निघाली. मावशीने चोपड्याहून गुडमार, म्हणजे साखरेवर देतात तो झाडपाला, पाठवला, सासूबाई रोज कारल्याचा रस काढायच्या. उंदरांचे आकडे तोंडपाठ असूनही, खोटं कशाला बोलू, मन डळमळलं होतं. पुडी कपाटातच राहिली. भात कमी, कळण्याची भाकरी, जेवणावर पिकलेलं केळं बंद (आमच्याकडे घरची बाग, म्हणजे हे सगळ्यात अवघड) आणि जेवल्यावर अंगणात वीस मिनिटं फेऱ्या. तरी उपाशीपोटीची साखर ९५च्या खाली येईना, तेव्हा इन्सुलिन घेतलं. सुईपेक्षा शेजारणींचे प्रश्न जास्त टोचले.

दारुहळद आधीच सुरू केली असेल तर आजच थांबवा आणि किती दिवस, किती घेतली ते डॉक्टरांना सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. बाळंतपणाच्या वेळी बाळाच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला, म्हणजे ते काविळीवर नीट नजर ठेवतील. आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी ती ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते. मी बाळाच्या गडबडीत ती चार महिने विसरले होते.