दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घेण्याआधी

प्रिय लेकी,

तुझा मेसेज वाचला. "मॅडम, मी आता ऑपरेशनमध्येसुद्धा नापास झाले," या वाक्यापाशी बराच वेळ थांबले. फोनच करणार होते, पण घरात तुला मोकळं बोलता येत नाही. आई पलीकडच्या खोलीत असणार आणि तू नुसतं "हो मॅडम, बरं मॅडम" करणार. म्हणून लिहिते आहे.

वजन उतरवायला तुझं जठर कापून लहान केलं, त्या स्लीव्हच्या ऑपरेशननंतर वजन किती परत आलं हे तुझ्या मेसेजमध्ये एका ओळीत होतं. बाबांनी त्या वर्षीच्या सोयाबीनचे पैसे कसे दिले, कमी पडले म्हणून आईच्या पाटल्या बँकेत कशा ठेवल्या आणि त्या अजून सुटल्या नाहीत, हे मात्र तू सविस्तर लिहिलंस. आणि शेवटी लिहिलंस, "डॉक्टर बायपास करू म्हणतात. मी हो म्हणणार आहे, निदान आता तरी त्यांचे पैसे सार्थकी लागतील."

या कारणासाठी हो म्हणू नकोस. एवढं एकच मला तुला सांगायचं आहे. बाकी सगळं त्याच्या अवतीभवतीचं आहे.

बायपास, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडणं, करूच नकोस असं माझं म्हणणं नाही. मी स्वतः त्यातून गेले आहे, आधी स्लीव्ह आणि मग बायपास. रात्री दोन उशा घेऊन अर्धवट बसून झोपायचे, तरी आंबट पाणी घशाशी यायचं आणि ठसका लागून उठावं लागायचं. स्लीव्हनंतर असा त्रास पुष्कळांना होतो आणि बायपासनं तो बहुतेक वेळा आटोक्यात येतो. तसं काही तुझ्या शरीरात असेल, शुगर पुन्हा चढली असेल, झोपेत श्वास अडकत असेल, गुडघे जिना चढू देत नसतील, तर ही कारणं डॉक्टरांपुढे मांडता येतात, तपासता येतात. पुढे ती कमी झाली की नाही तेही कळतं. बाबांचं देणं कुठल्याच एंडोस्कोपीत दिसत नाही. शिवाय दुसऱ्या ऑपरेशनलाही पैसे लागतात आणि ते पुन्हा त्यांच्याच खिशातून जाणार. म्हणजे आज जे ओझं फेकायला निघालीस ते दुप्पट होऊन परत येईल.

आता त्या "नापास"बद्दल. तू विज्ञान शिकलेली आहेस, म्हणून आकड्यांतच सांगते. स्वीडनमध्ये 1987 साली लठ्ठपणाच्या ऑपरेशनांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरलं आणि 10 वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर आलेली होती. जठराला बाहेरून बँड, म्हणजे पट्टा, बसवलेल्यांची घट 20 टक्क्यांवरून 14 टक्क्यांवर आली. स्लीव्ह तेव्हा रूढ नव्हतं, पण रीत तीच आहे: वजन तळाला जातं आणि मग थोडं वर येतं. काहींचं बरंच वर येतं. तू त्या काहींमधली निघालीस, याचं दुःख खरं आहे आणि ते मी खोडून काढणार नाही. पण ऑपरेशनच्या दिवशी हे तुला नीट सांगायला हवं होतं. तुझ्या हातात दिलेल्या पुस्तिकेत आधीचे आणि नंतरचे फोटो होते, पाच वर्षांनंतरचे नव्हते.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. त्यातच भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होतं, म्हणून सुरुवातीला तुला भूकच लागत नव्हती. पण उरलेलं जठर वर्षांगणिक थोडं सैल होतं. शिवाय वजन उतरलेलं शरीर गमावलेलं भरून काढायच्या मागे लागतं. भूक वाढवतं, आणि बसल्याजागी होणारा ऊर्जेचा खर्चही कमी करतं. थायरॉइड, पाळीच्या तक्रारी, काही औषधं यांचाही हात असतो.

आणि खाणं. त्याबद्दल तू लिहिताना फार कडवट झालीस, "तोंडावर ताबा नाही" वगैरे. मला आठवतंय ते वेगळं आहे. ऑपरेशननंतर तू आमच्याकडे जेवायला आली होतीस तेव्हा ज्वारीच्या भाकरीचा दुसराच घास छातीत अडकला, डोळ्यांत पाणी आलं आणि तू मोरीकडे धावलीस. असं चार वेळा झालं की कुठलंही माणूस भाकरीला घाबरतं. मग जे अडकत नाही तिकडे हात जातो: चहात बुडवलेली खारी, चिवडा, मुरमुऱ्यांची मऊ सुशीला, आइस्क्रीम. हे सगळं त्या अरुंद जठरातून सरकून जातं, पोट भरल्याचं कळतच नाही, आणि तासाभरानं पुन्हा डबा उघडला जातो. भाकरी-वरण सोसत नाही आणि चिवडा सोसतो, अशी अडचण तू एकटी घरात निस्तरत होतीस. डायटिशियनची पुढची भेट कुणी ठरवून दिली नव्हती.

म्हणून पुढचे काही आठवडे जे खाशील ते एका वहीत लिही. किती वाजता, काय, आणि तेव्हा मनात काय चाललं होतं तेही. कुणाला दाखवायला सजवून लिहू नकोस. त्यात रात्री सगळे झोपल्यावर, रडत-रडत, भूक नसताना खाणं दिसलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे आधी जायचं आणि सर्जनकडे नंतर. त्या खाण्यावर बायपासचा इलाज चालत नाही. या बाबतीत माझं मत पक्कं आहे.

बाबांशी तू अजून एकदाही बोललेली नाहीस, हे तुझ्या लिहिण्यावरून कळतं. बोल. "बाबा, वजन परत आलंय, मला त्याचं फार वाईट वाटतंय, पुढचं मी तपासण्या करून ठरवणार आहे," एवढं म्हटलं तरी पुरे. ते कदाचित गप्प बसतील, कदाचित चिडतीलही. पण मृगात पेरलेलं जळून दुबार पेरणीची वेळ या माणसावर किती वेळा आली असेल, तुझ्यासमोर आली असेल. तेव्हा त्यांनी स्वतःला नालायक ठरवलेलं तू पाहिलंस का? आणि दुबार पेरताना ते घाईही करत नाहीत, आधी ओल किती खोल गेली ते बघतात. तुझं म्हणणं त्यांना समजणारच नाही असं धरून चालू नकोस.

नातेवाइकांना तुमच्या घरी पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन सांगितलंय. का सांगितलं ते मला कळतं, घरात स्थळं बघणं चालू होतं. पण आता लग्नात कुणी सगळ्यांसमोर म्हणतं, "काय गं, पुन्हा सुटायलीस की!" आणि तुला हसून वेळ मारून न्यावी लागते. जे झालं तेच कुणाला माहीत नाही, तर ते फसल्याचं दुःख सांगणार कुणाला? सगळ्या भावकीला सांगत सुटू नकोस, त्यांचा त्यात काही अधिकार नाही. पण एका माणसाला खरं सांग. तुझी ती अंबाजोगाईची मावसबहीण चालेल, ती पोटात ठेवते.

आणि जो मुलगा पुढे ठरेल त्याला लग्नाआधी सांग. सासरी नव्या सुनेच्या ताटात आग्रहानं वाढतात. तू दोन घासांत हात आखडता घेतलास की "हिला आमच्या घरचं आवडत नाही" असं होतं. शिवाय बी-12, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर चालणार. ऑपरेशननंतर दिवस राहणं साधारण 12 ते 18 महिने लांबवायला सांगतात. या गोष्टी लपवून संसार होत नाही. म्हणूनच दुसऱ्या ऑपरेशनची तारीख लग्नसराईच्या हिशेबानं घ्यायला मी विरोध करते. "उन्हाळ्यात करून टाकू, तुळशीच्या लग्नापर्यंत उतरेल" हा आईचा हिशेब प्रेमापोटी आहे, पण ऑपरेशननंतर तीन-चार महिन्यांत केस गळायला लागतात हे त्या हिशेबात धरलेलं नाही.

एक राग तू लिहिला नाहीस, तरी तो असणार. वजन उतरलं त्या वर्षी लोक तुझ्याशी वेगळं वागले. ऑफिसात खुर्ची पुढे केली, काकूंनी स्वतःहून फोटोत पुढे घेतलं, दुकानदार "ताई, हे तुम्हाला शोभेल" म्हणाला. मग वजन चढलं तसं ते सगळं गुपचूप मागे घेतलं गेलं. तू तर तीच होतीस. हा राग रास्त आहे आणि तो तू स्वतःच्या पोटावर काढू नयेस असं मला मनापासून वाटतं. कपाटात समोरच टांगलेला तो निळा ड्रेस खाली ट्रंकेत ठेव. रोज सकाळी त्याच्याकडे बघून दिवस सुरू करायचं कारण नाही.

दवाखान्यात परत जायची लाज वाटते म्हणालीस. ज्या काट्यावर माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या त्याच काट्यावर मी परत उभी राहिले, तेव्हा आकडा लिहून घेणाऱ्या मुलीनं तो मोठ्यानं वाचला आणि बाकावरच्या बायकांनी माना वर केल्या. पुढच्या वेळी मी चप्पल काढतानाच म्हटलं, "आकडा लिहून घे बाळा, वाचून दाखवू नकोस." तिनं ऐकलं. तूही सांगून बघ.

आता ऑपरेशनचं व्यवहारी बोलते. दुसऱ्या वेळी पोटात आधीचे चिकटलेले भाग असतात, म्हणून गळती किंवा इतर गुंतागुंतीचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो, आणि वजन साधारणपणे पहिल्याइतकं उतरत नाही. तेव्हा असली ऑपरेशनं नियमित करणाऱ्या सर्जनकडेच जा. सोलापूर, पुणे, हैदराबाद, संभाजीनगर, कुठेही असो, पण ज्यांनी पहिलं केलं त्यांच्याशिवाय आणखी एका डॉक्टरांचं मत घ्यायचंच. एंडोस्कोपी आणि बेरियमचा एक्स-रे झाल्याशिवाय कुणी तारीख देत असेल तर उठून ये. वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचंही विचार. मौंजारो मार्च 2025 मध्ये आपल्याकडे आलं आणि वेगोव्ही त्याच वर्षी जूनमध्ये. काही जणांचं त्यावर भागतं, ऑपरेशन टळतं. मात्र बंद केलं की वजन बहुधा परत येतं आणि खर्चही कमी नाही, हे धरून विचार.

विम्याचं आधी लेखी विचारून घे. विमा नियामकाच्या 2019 च्या नियमांत लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) 40 किंवा त्याहून जास्त, किंवा 35 आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास, हृदयविकार असं काही, ही अट घातली होती. शिवाय डॉक्टरांचा सल्ला आणि कागदपत्रं लागतात. दुसऱ्या खेपेला तुझी कंपनी काय देते ते तोंडी ऐकून आईच्या बांगड्यांना हात लावू नका.

बायपास ठरलाच तर पुरणपोळीनं धडधड होऊन घाम फुटू शकतो. अंगदुखीच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, आणि आजीची मिश्रीची डबी तुझ्यापासून लांब राहिली पाहिजे. जठर आणि आतडं जिथे जोडतात तिथे तंबाखूमुळे अल्सर होऊ शकतो. उलट्या थांबेनात किंवा पायाला मुंग्या येऊ लागल्या तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, बी-1 कमी झाल्याची ती खूण असू शकते.

यंदा येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात जायचं नाही असं ठरवलंयस म्हणे. जा. येळवशीची भज्जी म्हणजे डाळी आणि पालेभाज्या, तुला हव्या त्या प्रोटीनचं सगळ्यात चवदार रूप. आधी ती वाटीभर सावकाश खा, धपाट्याचा तुकडा मग. आंबील मात्र जेवताना घ्यायची नाही, अर्ध्या तासानं. कुणी "एवढंच?" म्हणालं तर म्हणू दे.

या ऑपरेशनांनंतर काही जणांच्या मनात जीव नकोसा होण्याचे विचार येतात, अभ्यासांत तसं दिसलेलं आहे. तुझ्या मनात तसं एकदाही आलं तर सकाळची वाट बघू नकोस. मला फोन करून उठव. मी उचलला नाही तर 14416 वर लाव, टेली मानसची ती सरकारी सेवा आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पहिल्या ऑपरेशनचे कागद आईच्या कपाटात असतील. डिस्चार्ज कार्डापेक्षा ऑपरेशन नोट महत्त्वाची, ती नसेल तर दवाखान्यातून मागून घे, तुझा तो हक्क आहे. बी-12, लोह आणि डी जीवनसत्त्वाचे रिपोर्ट आले की फोटो पाठव. दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं ठरलं की दिवस कळव, मी सोबत येते. बाबांना तसं सांगून ठेव.

तुझी,
मॅडम